रविवारच्या शाळेसाठी इमर्सिव्ह रूम घ्यायची का?

प्रेषक: सुहास
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

रविवारी आपल्या मराठी शाळेसाठी आपण ज्या प्राथमिक शाळेचे वर्ग भाड्याने घेतो, तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत एक इमर्सिव्ह रूम तयार झाली आहे. परवा किल्ली द्यायला गेलो तेव्हा केअरटेकरने दाखवली. तीन भिंतींवर आणि जमिनीवर प्रोजेक्टरने चित्र पडतं, कोपऱ्यांत स्पीकर आहेत, भिंतीला हात लावला की चित्र हलतं. त्याने समुद्राचा तळ लावला आणि मी चक्क दोन पावलं मागे सरकलो.

तासाच्या भाड्याने ती आपल्यालाही मिळेल. माझ्या मनात असं आहे की रायगड, कास पठार, पंढरीची वारी यांचं चित्रीकरण मिळवावं आणि सहा रविवार मुलांना तिथे न्यावं. 'दिंडी' हा शब्द आपली मुलं पुस्तकात वाचतात, पण त्यांच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. मुलांच्या उपक्रमांसाठी ठेवलेले पैसे यंदा शिल्लक आहेत. शुक्रवारपर्यंत कळवा.

सुहास

---

प्रेषक: मीनल

सुहासदादा, नमस्कार.

आठवडाभर मी इथल्या प्राथमिक शाळेत इयर टूला शिकवते आणि रविवारी आपल्या मधल्या गटाला. आमच्या शाळेत अशी खोली तीन वर्षांपासून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इथे इंग्लंडमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांना इतिहासात बहुतेक ठिकाणी लंडनची मोठी आग शिकवतात. २ सप्टेंबर १६६६, रविवारची पहाट, पुडिंग लेनमधली थॉमस फॅरिनरची बेकरी. चार दिवसांत तेरा हजारांवर घरं जळाली. पहिल्या वर्षी मी वर्गाला खोलीत नेलं. तिन्ही भिंतींवर ज्वाळा, लाकूड तडतडल्याचा आवाज. मुलं किंचाळली, नाचली, भिंतीवर आपापल्या सावल्या पाडून खेळली. वर्गात परतल्यावर लिहायला बसवलं, तर बहुतेकांच्या वहीत दोनच वाक्यं: आग खूप मोठी होती. मला आवडली.

'मला आवडली' हे वाचून मी बराच वेळ ती वही हातात धरून बसले होते.

दुसऱ्या वर्षी खोली तीच, चित्रही तेच, पण आवाज अगदी बारीक केला आणि ज्वाळा फक्त एका भिंतीवर, लांब ठेवल्या. मी डोक्यावरून शाल घेऊन, खेळाच्या सामानाची ढकलगाडी ओढत आत आले आणि मुलांना म्हटलं, "तुम्ही शेजारचेच ना? माझा नवरा गावाला गेलाय. गाडी एवढी एकच मिळाली. वारा इकडे वळलाय. काय काय नेऊ, सांगा." खोलीत शांतता पसरली. मग एकीने विचारलं, "बाळ आहे का?" आहे म्हटलं. तर पाळणा गाडीत चढवायचा की बाळाला कडेवर घ्यायचं, यावर दहा मिनिटं गेली. पाळण्याला जागा फार लागते आणि त्या जागेत पिठाचं पोतं मावतं, असा हिशेब एका मुलाने मांडला. दुसऱ्याने सुचवलं, चीज नेऊ नकोस, बागेत पुरून ठेव. ती आग पाहून रोजनिशीत लिहून ठेवणाऱ्या सॅम्युअल पेप्सने आपलं पार्मेजान चीज खरोखरच खड्ड्यात पुरलं होतं, ते मी आदल्या दिवशी सांगितलं होतं. ते त्याला नेमकं तेव्हा आठवलं. त्या दिवशी वह्यांची पानं भरली.

याला 'टीचर इन रोल' म्हणतात. डॉरथी हीथकोट या बाईंनी न्यूकॅसलला १९५० पासून अनेक वर्षं शिक्षकांना हे शिकवलं. पुढे त्यांनी 'मँटल ऑफ द एक्स्पर्ट' ही पद्धत बसवली. तिच्यात मुलं जाणकार होतात आणि कुणीतरी त्यांच्याकडे काम घेऊन येतं. शिक्षक सगळं जाणणारा उरत नाही, तो गरजू होतो. मुलांना खोटं सांगायचं नसतं. ती मीनलमिसच आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आपण असं धरून चालू या, एवढंच ठरवायचं.

आता आपल्या शाळेबद्दल. ताईला इंग्रजी येतं हे आपल्या मुलांना पक्कं माहीत असतं. मग तिच्याशी मराठीत कशाला बोलायचं? त्यांचं चुकतं असं मला मुळीच वाटत नाही. गेल्या जूनमध्ये मी मधल्या गटाला म्हटलं, आज तुम्ही विमानतळावरचं हरवलेल्या सामानाचं ऑफिस. टेबलं लावा, पाट्या करा. मी बाहेर जाऊन नऊवारी नेसले आणि आत आले. साताऱ्याहून आलेली आजी, पेटी हरवलेली, इंग्रजीचा एक शब्द येत नाही.

वर्षभर माझ्याशी मराठीत चकार शब्द न बोललेला एक मुलगा पेन्सिल घेऊन पुढे झाला. "आजी, पेटी लाल?"

"लाल नाही रे बाळा, काळी. पत्र्याची."

"पत्र्याची काय?"

मी काही बोलणार तेवढ्यात त्याच्या शेजारची मुलगी उठली आणि रेडिएटरच्या कव्हरवर टण् टण् वाजवून म्हणाली, "हे. असं." त्याने वहीत लिहिलं: पत्रा. काना द्यायला विसरला, मग स्वतःच दिला. त्यानंतर पेटीत काय होतं याची यादी झाली. गोधडी, मेतकूट, खलबत्ता. "खलबत्ता चावतो का?" असंही एकाने विचारलं, कारण तपासणी करताना आपल्या माणसांना इजा व्हायला नको.

त्या दिवशी भिंतीवर काहीही नव्हतं. म्हणून म्हणते, खोली घ्या, जरूर घ्या. पण रायगड नुसता दाखवायला घेऊ नका. पायथ्याशी कुणीतरी अडलेलं असू दे.

मीनल

---

प्रेषक: वैदेही

मीनलताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझी काळजी वेगळी आहे. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. मोठा आवाज आणि झगमगाट एकदम आला की तो कान झाकून टेबलाखाली जातो. गणपतीत ढोल सुरू झाले की आम्ही दोघं कार पार्कमध्ये जाऊन उभे राहतो, हे बऱ्याच जणांनी पाहिलं असेल.

पण त्याच्या शाळेतल्या सेन्सरी रूममध्ये तो आनंदाने जातो. अशा खोल्या १९७० च्या दशकात नेदरलंड्समध्ये निघाल्या, त्यांना 'स्नूझेलेन' म्हणतात. तिथे दिव्याचं बटण त्याच्या हातात असतं. रंग तो बदलतो, आवाज तो बंद करतो. मीनलताईंनी ज्वाळा लांब ठेवल्या हे वाचून मला फार बरं वाटलं. आपण खोली घेतली तर पहिल्या रविवारी दहा मिनिटं आधी दार उघडून ज्यांना हवं त्या मुलांना रिकाम्या खोलीत फिरू द्यावं. आणि मधेच बाहेर पडायची मुभा असावी, 'का गेलास' असं न विचारता.

वैदेही

---

प्रेषक: अनिल

सुहास, मीनल, वैदेही,

हीथकोटबाईंचं नाव आपल्या यादीवर पाहून मला भरून आलं, त्याला कारण आहे. मी ब्रॅडफर्डला आलो तेव्हा एका शेजाऱ्याने मला त्यांच्याबद्दल सांगितलं होतं. त्या इथल्याच, स्टीटन गावच्या. चौदाव्या वर्षी लोकरीच्या गिरणीत लागल्या, मागावर. एकोणिसाव्या वर्षी ब्रॅडफर्डच्या नाट्यशाळेत त्यांना प्रवेश मिळाला आणि फी गिरणीमालकाने भरली. जमलं नाही तर तुझे तीन माग इथे आहेतच, असं तो म्हणाला होता म्हणे. बीबीसीने १९७१ साली त्यांच्यावर माहितीपट केला, त्याच्या नावात हे तीन माग आले आहेत.

माझे वडील लालबागला साचेखात्यात होते. मागाला आम्ही साचाच म्हणायचो. पाळी संपवून ते कामगार कल्याण केंद्रात तालमीला जायचे, नाट्यस्पर्धेत कामं करायचे. हातात कापसाचे तंतू तसेच असायचे. माझा सगळा बालपणीचा रंगमंच तिथला. शाळेने एकदा सुधा करमरकरांच्या लिटल थिएटरचं बालनाट्य बघायला नेलं, १९५९ साली त्यांनी ते सुरू केलं होतं. पडदा उघडला तो क्षण मला अजून दिसतो.

पण मीनल, तू म्हणतेस ते त्याहून वेगळं आहे, हे मला आज कळलं. बालनाट्यात आम्ही खाली बसून बघायचो. तुझ्या ऑफिसात बघायला कुणी नव्हतंच. आपल्या गणपतीच्या नाटकात मुलं रोमन लिपीत लिहिलेले संवाद पाठ करतात. गेल्या वर्षी माझ्या नातीने 'मी स्वराज्याची शपथ घेते' हे खणखणीत म्हटलं, टाळ्या पडल्या. घरी येताना गाडीत तिने विचारलं, आजोबा, शपथ म्हणजे काय? तीन महिने तालीम चालली होती आणि हे विचारायची वेळच तिच्यावर आली नव्हती. मी स्वतः त्या तालमीला बसत होतो. याची मला खंत वाटते.

अडलेला माणूस हवा असेल तर मी येतो. माझी मराठी गिरणगावची आहे, मुलांना थोडी वेगळी ऐकू येईल, ते चांगलंच आहे.

अनिल

---

प्रेषक: सुहास

मंडळी,

सगळ्यांशी फोनवरही बोललो. ठरलं ते असं: खोली सहाऐवजी दोनच रविवार घ्यायची. उरलेले चार रविवार नेहमीच्याच वर्गात, मीनल सांगेल तसं. उरलेल्या पैशांतून मोठा काळा कपडा, दोन विजेऱ्या आणि कागदाचे रोल आणू. वैदेहीची दहा मिनिटं दोन्ही रविवारी नक्की.

रायगडाऐवजी काय करायचं ते अनिलकाका आणि मीनलने बसून ठरवलं आहे. वारीच्या वाटेवर पावसात अडकलेला एक म्हातारा, त्याची दिंडी पुढे निघून गेली आहे, आणि मुलांनी त्याला ती गाठून द्यायची. भिंतीवर फक्त पाऊस आणि तीन वाटा. वाटा कुठे जातात ते मुलं म्हाताऱ्याला विचारून नकाशावर काढतील. कुठली वाट बरोबर ते काकांनाही आधी सांगायचं नाही, असं मीनल म्हणते. मुलं जी पटवून देतील ती.

एक विनंती. कुणाकडे खरी पत्र्याची पेटी आहे का? मीनलला ती यंदा दाखवायची आहे.

सुहास

---

प्रेषक: वैदेही

आमच्या गॅरेजमध्ये आहे. सासूबाई १९७४ साली आल्या तेव्हाची, झाकणावर पांढऱ्या रंगात आडनाव आणि 'मिरज' लिहिलेलं. एक बिजागरी तुटली आहे. चालेल का?