निम्मं लोखंड वाया जातंय, काय करू?

प्रश्न: ओल्ड स्कूल रूनस्केप या ऑनलाइन खेळात माझं स्मिथिंग, म्हणजे धातूकामाचं कौशल्य, 32 व्या पातळीवर रखडलंय. पोरं झोपली की तासभर खाणीत बसते, लोखंडाचे 28 दगड भरले की भट्टी गाठते. आणि वितळवताना निम्मे गायब! जीव तुटतो हो. एकेक दगड मी स्वतः फोडलेला असतो.

उत्तर: ताई, साध्या भट्टीत लोखंड जमायची शक्यता 50 टक्केच. माणकाच्या अंगठीवर जादू करून मिळते ती रिंग ऑफ फोर्जिंग घाला, 140 दगडांपर्यंत एकही फुकट जात नाही. पण तुम्ही 30 ओलांडलंय, तर पोलादच करा ना! 1 लोखंड, 2 कोळसा, नासाडी शून्य.

उत्तर: मेंबरशिप (पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व) असेल तर केल्डाग्रिम या बुटक्यांच्या शहरातली ब्लास्ट फर्नेस ही खास भट्टी. पोलादाला कोळसा 1च लागतो. मात्र स्मिथिंग 60 च्या आत असेल तर फोरमनला (भट्टीच्या मुकादमाला) दर 10 मिनिटांना 2,500 नाणी मोजावी लागतात, शिवाय भट्टी चालवणाऱ्या बुटक्यांचा पगार वेगळा. तुमच्या तासाभरात ते परवडेल का, आधी बघा.

प्रश्नकर्ती: मेंबरशिप नाही. आजपासून कोळसाच फोडते. काल पहिली पोलादाची सळई निघाली, इतकं बरं वाटलं!