बडोदा: छोट्या वाचनालयात संदर्भसेवा आणि ऑनलाइन सेवा सुरू करायची आहे, शिकवायची सुरुवात कुठून?

रावपुरा_वाचक
नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या एका मराठी मंडळाचं वाचनालय आहे. साडेचार हजार पुस्तकं, त्यातली तीन हजारांवर मराठी, बाकी गुजराती आणि थोडी इंग्रजी. नोंदी एक्सेलमध्ये, देवघेव वहीत. आता रोज संध्याकाळी दोन तास संदर्भसेवा, म्हणजे वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर शोधून द्यायचं काम, करायची आणि व्हॉट्सॲपवरही प्रश्न घ्यायचे ठरलंय. बसणाऱ्या दोघी पदवीधर आहेत, पण ग्रंथालयशास्त्र शिकलेल्या नाहीत. कोणत्या क्रमाने शिकवावं? सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? पैसे बेताचेच आहेत.

८९१_४६
सॉफ्टवेअर राहू द्या बाजूला. आधी दोघींना वाचकाशी बोलायला शिकवा.

"सयाजीराव महाराजांवर काही आहे का?" हा बडोद्यातला ठरलेला प्रश्न. त्यावर कपाटाकडे बोट दाखवलं तर ती संदर्भसेवा नव्हे. "महाराजांबद्दल नेमकं काय बघायचंय?", "आधी काय चाळून झालंय?", "कधीपर्यंत हवंय?" एवढं विचारलं की कळतं, मुलगी आठवीत आहे, सक्तीच्या शिक्षणावर दोन पानं लिहायची आहेत आणि वही उद्या द्यायची आहे. म्हणजे जाडजूड चरित्र नको, विश्वकोशातली नोंद आणि गॅझेटियरमधलं शिक्षणाचं प्रकरण पुरे. "कशाला हवंय?" असं मात्र थेट विचारू नका, माणूस बिचकतो. "किती खोलात जायचंय, त्या बेताने पुस्तक काढते" म्हटलं की तो आपणहून सांगतो.

याच प्रश्नात पुढची शिकवणी आहे. एका पुस्तकात सक्तीचं शिक्षण १८९३ साली सुरू झालं असं सापडेल, दुसऱ्यात १९०६. नवशिकी गोंधळते आणि त्यातलं एक साल देऊन टाकते. दोन्ही बरोबर आहेत: १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोग, १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात. म्हणून साल, आकडा, नाव काहीही असो, दोन ठिकाणी पाहिल्याशिवाय द्यायचं नाही, आणि देताना पुस्तकाचं नाव, आवृत्ती, पान सांगायचं.

वही ठेवा. तारीख, प्रश्न वाचकाच्या शब्दांत, खरी गरज, कुठे सापडलं, किती मिनिटं लागली. "सापडलं नाही" हा रकाना सगळ्यात कामाचा, पुढची खरेदी त्यावरून ठरते. पहिले पंधरा दिवस जुन्या वाचकांकडून वीस-पंचवीस प्रश्न गोळा करून दोघींना एकमेकींना विचारायला लावा. वाचायला ई-पीजी पाठशालेवर ग्रंथालयशास्त्राचे पाठ फुकट आहेत. रीतसर शिकायचंच असेल तर सयाजीराव विद्यापीठात विभाग आहे, पण दोन तासांच्या टेबलासाठी त्याची वाट पाहू नका.

कोहावाला
सॉफ्टवेअरचं मी सांगतो. कोहा घ्या, फुकट आहे, डेबियन किंवा उबंटू या लिनक्स प्रणालींवर चालतं. मेहनत एक्सेलमध्ये आहे, कोहात नाही.

एक्सेल १३ अंकी आयएसबीएनचं ९.७८ई+१२ करून टाकतं आणि जुन्या दहा अंकी आयएसबीएनच्या सुरुवातीचं शून्य खातं. तो रकाना आधीच 'टेक्स्ट' करा. फाइल साठवताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, साधं सीएसव्ही निवडलंत तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतील. नोंदी श्रीलिपीत (जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये) टंकलेल्या असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतील. मग मार्कएडिट या प्रोग्रामने मार्क नोंदी करा. मार्क म्हणजे ग्रंथनोंदीचा ठरलेला साचा, त्यात रकान्यांना आकडे असतात: १०० मध्ये लेखक, २४५ मध्ये नाव, ०८२ मध्ये वर्गांक, ९५२ मध्ये दाखलअंक. लेखकाचं नाव एकाच साच्यात हवं. "जोशी, ग. म.", "जोशी ग.म." आणि "ग. म. जोशी" हे यंत्राला तीन लेखक वाटतात.

मोबाइलवर निम्मे लोक रोमन लिपीत टाइप करतात. म्हणून २४६ (पर्यायी नावाचा रकाना) मध्ये नाव रोमनमध्येही भरा. ही पळवाट आहे, शुद्धतावादी ८८० (दुसऱ्या लिपीसाठीचा रकाना) म्हणतील, पण वाचकाला पुस्तक सापडतं.

नवीन कोहात देवनागरी शोध धड चालत नाही, कारण झेब्राचा (कोहातल्या शोधयंत्राचा) मूळ अक्षरनकाशा आपल्या लिपीसाठी नसतो. बसवणाऱ्याला सांगा: डीफॉल्ट आयडीएक्स फाइलमध्ये वर्ड-फ्रेझच्या जागी आयसीयू चेन (युनिकोड लिप्या समजणारी नियमावली) टाक आणि इंडेक्स पूर्ण पुन्हा बांध. नुसतं सेटिंग बदलून इंडेक्स तसाच ठेवला तर काहीच फरक पडत नाही.

यानंतरही ॲ छळतो. 'ॲ' हे एक अक्षर म्हणूनही टंकता येतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्याला सारखंच, आतले कोड वेगळे, आणि आयसीयूही त्यांना एक करत नाही. 'ॲटलस' शोधून शून्य निकाल आला तर आधी हेच तपासा. सगळ्या नोंदींत एकच पद्धत ठेवा.

पोथीपान
आपल्याकडे नसेल तिथे पाठवणं हीसुद्धा सेवा. पण नुसतं "तिकडे विचारा" नको. चिठ्ठीवर गाव, घराणं, अंदाजे साल आणि कोणता कागद हवा ते लिहून द्या. इनाम, सनद, वतन असलं काही असेल तर राज्य अभिलेखागाराचं बडोद्यातलं कार्यालय, संस्कृत पोथी असेल तर प्राच्यविद्या मंदिर. कुणी घरचा मोडी कागद आणला तर दोघींनी अंदाजाने वाचू नये. घराण्याच्या नावातलं एक अक्षर चुकलं की पुढे घरात भांडणं.

चॅटजीपीटीने सुचवलेलं पुस्तक वाचकाला सांगण्याआधी वर्ल्डकॅटवर (जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्र सूचीत) किंवा एखाद्या मोठ्या ग्रंथालयाच्या सूचीत पाहा. नाव, लेखक, प्रकाशक सगळं खरं वाटतं आणि पुस्तक निघालेलंच नसतं.

रावपुरा_वाचक
फार उपयोगी, आभार. दोन शंका. व्हॉट्सॲपवर वाचकांचा ग्रुप करावा का? आणि लोक "अख्खं पुस्तक स्कॅन करून पाठवा" म्हणतात, त्यांना काय सांगायचं?

८९१_४६
ग्रुप नको. प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि तिसऱ्या दिवशी सुप्रभातची फुलं सुरू. व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, वाचनालयाचं वेगळं सिम, वेळेबाहेर आपोआप जाणारा निरोप: "प्रश्न मिळाला, उद्या संध्याकाळी सातपर्यंत उत्तर देऊ." 'नवा', 'शोधतोय', 'दिलं' अशी लेबलं लावा, नाहीतर दोघी एकच प्रश्न शोधत बसतील आणि दुसरा तसाच पडून राहील. लेखी प्रश्नात उलट विचारणं लोक विसरतात. एका निरोपात दोनच प्रश्न विचारा, पाच विचारलेत तर उत्तर येत नाही.

पोथीपान
स्कॅनचं: भारतात पुस्तकाचा हक्क (कॉपीराइट) लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. लेखक १९५० मध्ये गेला असेल तर पुस्तक १ जानेवारी २०११ पासून मोकळं. पण अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा, आणि लेखकाच्या पश्चात प्रथम छापलेलं असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून. मोकळं असेल तर ३०० डीपीआयवर स्कॅन, टेसरॅक्ट या सॉफ्टवेअरचा मराठी संच लावून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात आणणं. जोडाक्षरं आणि अनुस्वार हमखास चुकतात, तेव्हा निदान मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका हाताने तपासा. मोकळं नसेल तर पुस्तक टेबलावर बसून वाचायला द्या.