इंटरसेप्टर ६५०: वजन १०३ किलो, मागचे शॉकअप शेवटच्या खाचेवर, तरी गाडी उसळते. प्रीलोड किती ठेवावा?

घाटरस्ता

रॉयल एनफील्डची इंटरसेप्टर ६५०, १४,००० किमी झालेत, फोर्क आणि शॉकअप कंपनीचेच. हेल्मेट, जॅकेट, बूट धरून माझं वजन १०३ किलो. मागचे शॉकअप पहिल्या खाचेवर होते तेव्हा ताम्हिणीतल्या खड्ड्यांत खाडकन तळाला लागायचे. गॅरेजमध्ये दोन्ही शेवटच्या खाचेवर करून दिले. आता तळाला लागत नाहीत, पण स्पीडब्रेकर उतरताना सीट खालून उसळी मारते आणि ब्रेक दाबला की गाडीचं तोंड पूर्वीपेक्षा जास्त खाली जातं. पुढे तर फिरवायला काहीच दिलेलं नाही. फोर्कमध्ये जाड ऑइल टाका असा सल्ला मिळतोय. मधली खाच बघू, की थेट स्प्रिंगच बदलू?

नट_बोल्ट

आधी टेप घ्या, पाना नंतर. प्रीलोड, म्हणजे खाच फिरवून स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवला की स्प्रिंग कडक होते हा गैरसमज आहे. साध्या स्प्रिंगला आणखी १ मिमी दाबायला जेवढा जोर पहिल्या खाचेवर लागतो, तेवढाच शेवटच्या खाचेवर लागतो. खाच फक्त गाडी किती उंचीवर बसणार ते ठरवते. म्हणून मोजायचा असतो तो सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते.

मागे असं मोजा. टायरमध्ये हवा बरोबर भरा, टायर थंड असताना. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी. एक्सलच्या मध्यापासून सरळ वर फ्रेमवर टेपचा तुकडा चिकटवा, त्यावर रेघ मारा. हे अंतर पहिलं माप. गाडी स्टँडवरून उतरवून सरळ धरा, मागून एकदोनदा हलकी दाबून सोडा, पुन्हा मोजा. हे दुसरं. आता पूर्ण तयारीनिशी गाडीवर बसा, पाय फूटरेस्टवर, पुढून एकाने हँडल धरायचं. मोजणाऱ्याने मागची बाजू दाबून हळूच सोडायची आणि मोजायचं, मग मागची बाजू उचलून हळूच सोडायची आणि मोजायचं. दोन्हींची सरासरी हे तिसरं माप. दोनदा मोजायचं कारण सील आणि बुशचं घर्षण: दाबून सोडल्यावर गाडी थोडी खालीच अडकते, उचलून सोडल्यावर थोडी वर. या दोन आकड्यांत ८-१० मिमीपेक्षा जास्त फरक आला तर खाच विसरा, आधी स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचे) बुश आणि शॉकअपचे बोल्ट तपासा.

पहिल्यातून दुसरं वजा केलं की रिकाम्या गाडीचा सॅग, पहिल्यातून तिसरं वजा केलं की स्वारासह सॅग. इंटरसेप्टरच्या मागच्या चाकाची चाल (वर-खाली जाण्याचं एकूण अंतर) ८८ मिमी, पुढच्याची ११०. स्वारासह सॅग चालीच्या ३० ते ३३ टक्के धरा, म्हणजे मागे २६ ते २९ आणि पुढे ३३ ते ३६ मिमी. रिकाम्या गाडीला मागे ५ ते १० मिमी सॅग हवाच. पुढे मोजताना मेन स्टँडवर मागून कोणीतरी दाबून पुढचं चाक उचलायचं आणि खालच्या टीपासून (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या खालच्या पट्टीपासून) एक्सलपर्यंत माप घ्यायचं.

घाटरस्ता

मोजलं. मागे चाक अधांतरी असताना ५४० मिमी.
पहिली खाच: रिकामी ५२८, बसल्यावर ५०५ आणि ५०९.
मधली खाच: रिकामी ५३२, बसल्यावर ५०९ आणि ५१३.
शेवटची खाच: रिकामी ५३६, बसल्यावर ५१३ आणि ५१७.
पुढे रिकामी २६ मिमी बसते, मी बसल्यावर ४६.

नट_बोल्ट

छान मोजलंय, दाबून आणि उचलून घेतलेल्या मापांत फरक फक्त ४ मिमी आहे, म्हणजे बुश ठीक. मागचा हिशोब असा: पहिल्या खाचेवर सॅग १२ आणि ३३, मधल्या खाचेवर ८ आणि २९, शेवटच्या खाचेवर ४ आणि २५. रिकामा आणि स्वारासह यातला फरक तिन्ही वेळा २१ मिमी. स्प्रिंग कडक झाली असती तर हा फरक कमी झाला असता.

मधली खाच ठेवा. तिथे दोन्ही आकडे मर्यादेत आहेत, पण स्वारासह २९ म्हणजे अगदी काठावर. एकट्याला कंपनीची स्प्रिंग पुरेल. डबलसीट आणि सामान लावलंत की शेवटच्या खाचेवरही सॅग ३० च्या पुढे जाईल, मग जास्त कडक स्प्रिंगच लागेल. घेताना विक्रेत्याला तयारीनिशी वजन आणि मागे बसणाऱ्याचं वजन दोन्ही सांगा.

उसळीचं कारण शेवटची खाच. रिकाम्या गाडीला ४ मिमीच सॅग उरला की उंचवटा संपल्यावर चाकाला खाली जायला जागा कमी पडते, शॉकअप वरच्या टोकाला आपटतो. त्यात या शॉकअपला रिबाउंड (दाबल्यावर परत उघडण्याचा वेग) कमी-जास्त करायचा स्क्रू नाही, त्यामुळे जास्त दाबलेली स्प्रिंग परत येते तेव्हा तिला आवरणारं ऑइल तेवढंच. मागची बाजू उंच झाल्याने भार पुढे सरकला, म्हणून ब्रेकला तोंड जास्त खाली जातंय.

तांबडी_माती

एक भर. वरच्या आणि खालच्या वेढ्यांतलं अंतर वेगवेगळं असलेली स्प्रिंग असेल तर प्रीलोड वाढवताना जवळचे, मऊ वेढे आधी मिटतात आणि मग शॉकअप खरोखर कडक लागतो. 'खाच वाढवली की कडक होतो' हे लोकांच्या अनुभवातून येतं ते इथून. इथे फरक २१ वरच राहिला, म्हणजे या टप्प्यात तसं होत नाहीये.

खाच फिरवताना: मेन स्टँडवरच, स्प्रिंगवर भार नसताना. रिंगभोवतीचा चिखल आधी ब्रशने आणि पाण्याने काढा, मग थोडं स्प्रे ऑइल. हुक पाना पूर्ण खाचेत बसवून फिरवा. स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडीने मारून फिरवलं की खाचांच्या कडा झिजतात आणि पुढे रिंग घसरते. दोन्ही बाजू एकाच खाचेवर हव्यात, नाहीतर स्विंगआर्मला पीळ बसतो. शॉकअपला जोडलेल्या पिगीबॅक डबीचा स्क्रू मात्र घरी उघडू नका, आत गॅसचा दाब असतो.

पुढे ४६ म्हणजे चालीच्या ४२ टक्के. तुम्ही नुसते बसलेले असतानाच निम्मी चाल संपत आलेली, मग ब्रेक दाबल्यावर तळ गाठायला किती वेळ लागणार? जाड ऑइलने हे आकडे बदलत नाहीत. ऑइल फक्त वेग कमी करतं, उंची नाही. आणि साध्या छिद्रांच्या फोर्कमध्ये ऑइल फार जाड झालं की चाक खड्ड्याच्या धारेवर वेगाने वर येताना छिद्रांतून ऑइल निघत नाही, हात झिणझिणतात.

तुम्हाला हवा तो १० मिमी जास्त लांब स्पेसर (फोर्कमधल्या स्प्रिंगच्या वर बसणारी नळी), दोन्ही फोर्कला सारखा. सॅग साधारण १६ आणि ३६ वर येईल. १० ऐवजी २०-२५ लावायचा मोह टाळा: स्प्रिंगचे वेढे चाल संपण्याआधीच एकमेकांना टेकतात आणि फोर्क लोखंडासारखा आपटतो. ३६ झाल्यावरही जोरदार ब्रेकला तळ लागला तर स्प्रिंग मऊ आहे असं समजा आणि कडक स्प्रिंग घ्या. कॅप उघडताना पुढचं चाक जॅकवर अधांतरी, वरच्या टीचा क्लॅम्प बोल्ट आधी ढिला, आणि शेवटच्या आट्यांना वरून तळहाताने दाबून धरा. स्प्रिंग कॅप उडवते. फोर्क ऑइलची पातळी मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. जास्त भरलं की आतली हवा दाबली जाऊन शेवटी कडकपणा वाढतो, पण त्याची किंमत ऑइल सील देतात.

दोन_चाकं

हेच वाचून मापलं. माझं तयारीनिशी वजन ५७ किलो, हीच गाडी, पहिली खाच. रिकाम्या गाडीचा सॅग १२, बसल्यावर २४. तरी मागून दणके लागतात. अजून कमी करायला खाच नाही.

नट_बोल्ट

२४ म्हणजे चालीच्या २७ टक्के, हे वाईट नाही, त्यामुळे दणक्यांचं कारण प्रीलोड नसावं. दोन गोष्टी बघा. मागच्या टायरमध्ये डबलसीटसाठीची हवा भरलेली असते आणि एकट्याने चालवताना तीच राहते. मॅन्युअलमध्ये एकट्यासाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो ठेवा. दुसरं, चेन. गाडी मागून खाली बसताना पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्होट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते. मेन स्टँडवर बरोबर वाटलेली चेन तिथे घट्ट होऊन स्विंगआर्मला अडवते आणि शॉकअप कडक आहे असा भास होतो. एका जड माणसाला गाडीवर बसवून चेनच्या खालच्या भागाच्या मध्यावर बोटाने वर-खाली करून बघा, तिथे थोडीही ढील नसेल तर चेन सैल करा.

घाटरस्ता

मधल्या खाचेवर आणली. उसळी गेली. हेडलाइट मात्र आता समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत जातेय.

तांबडी_माती

मागची बाजू ४ मिमी खाली आली, त्यामुळे झोत वर गेला. गॅरेजमध्ये लाइट शेवटच्या खाचेवर असताना सेट केली असणार. स्वतः बसून, भिंतीसमोर नव्याने खाली करून घ्या. स्पेसर लावल्यावर पुढची बाजू उंच होईल, तेव्हा परत एकदा.