व्हेरवूर्डचा मारेकरी खरोखर वेडा होता का, आणि नाटकाने तो तसा दाखवावा का?

दिवाभीत

परवा ‘तिसरी घंटा’ यांनी आपल्या गटाने केलेल्या एका घरगुती अभिवाचनाचा वृत्तान्त लिहिला. नाटक अँटनी शेर यांचे ‘आय.डी.’, आणि विषय ६ सप्टेंबर १९६६ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या केप टाउन येथील संसदेत झालेला, तिथल्या वंशभेदी राजवटीचे पंतप्रधान हेन्ड्रिक व्हेरवूर्ड यांचा खून. वृत्तान्ताचा शेवट असा होता : “यात राजकारण शोधत बसू नका. ही एका एकाकी, भ्रमिष्ट माणसाची आणि त्याच्या पोटातल्या जंताची गोष्ट आहे.” मी त्याखाली चार ओळी लिहायला घेतल्या होत्या, परंतु चीड आवरेना आणि मजकूरही आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

ज्या माणसाने संसदेत निरोप्याची हंगामी नोकरी मिळवली, खुनाच्या दिवशी सकाळी चाकू विकत घेतला, सभागृहात खासदार जमत असताना पंतप्रधानांच्या बाकापाशी जाऊन त्यांच्यावर चार वार केले आणि नंतर पोलिसांना दिलेल्या जबाबात सरकारच्या वंशविषयक धोरणाची आपल्याला किळस आल्याचे सांगितले, त्याच्या कृत्यात राजकारण शोधायचे नाही, तर मग ते शोधायचे कुठे? दिमित्री त्साफेन्डास हा मोझांबिकमध्ये जन्मलेला, ग्रीक बापाचा आणि मिश्रवंशीय आईचा मुलगा. कागदावर तो गोरा होता आणि आपल्याला ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीयांच्या, वर्गात घालावे, असा अर्ज त्याने स्वतः केला होता. ज्या देशात माणसे खालून वर सरकण्यासाठी अर्ज करीत, तिथे वरून खाली जाण्याचा अर्ज करणारा माणूस राजकारणाबाहेरचा कसा म्हणता येईल?

त्याच्या पोटात एक राक्षसी कृमी असून तोच त्याला छळतो, ही कहाणी खटल्यात पुढे आली आणि न्यायमूर्ती बायर्स यांनी काही दिवसांतच, त्याची मनःस्थिती त्याच्यावर खटला चालवण्याजोगी नाही, असे ठरवले. त्यामुळे सरकारची मोठीच सोय झाली. उलटतपासणी टळली, धोरणाची जाहीर चिरफाड टळली आणि असा माणूस संसदेत शिरलाच कसा, हा प्रश्नही ‘वेडा होता’ या दोन शब्दांत गुंडाळला गेला. सुरक्षेची जबाबदारी ज्यांच्या खात्याकडे होती, ते फोर्स्टर आठवड्याभरात पंतप्रधान झाले. आणि २००३ साली लंडनच्या आल्मेडा नाट्यगृहात शेर यांनी काय केले? त्या कृमीलाच पात्र केले आणि त्याच्या तोंडी संवाद घातले. सरकारी वकिलाला जे जमले नसते, ते नाटककाराने करून दाखवले.

तिसरी घंटा

माझ्या वृत्तान्तातील एक वाक्य उचलून आपण माझ्यावरच खटला भरला आहे, तेव्हा साक्ष देणे आले. त्या अभिवाचनात कृमीची भूमिका मीच वाचली.

आमच्या एका मित्राच्या दिवाणखान्यात आम्ही सहा वाचक आणि समोर जेमतेम पंधरा श्रोते होतो. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद केला होता, त्यामुळे सगळे घामाने निथळत होते. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या प्रत्येक वाक्याला हशा मिळाला. नटाला याहून काय हवे असते? पण पुढे खुनाचा प्रसंग जवळ येत गेला तसा हशा थांबला आणि पहिल्या रांगेतल्या एक काकू माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागल्या, की मला कागदातून डोके वर काढवेना. आपण ज्याच्याबरोबर हसत होतो तो कोण आहे, हे त्यांच्या लक्षात आले होते. माझ्या मते कृमीला पात्र करण्याचे प्रयोजन तेच आहे. वंशभेदाची ती सगळी व्यवस्थाच माणसाच्या आत शिरून, त्याचेच अन्न खाऊन, त्याच्याच आवाजात बोलते, हे रंगमंचावर दुसऱ्या कोणत्या मार्गाने दाखवणार होतात?

शिवाय शेर हे परके नव्हते. ते केप टाउनचेच, खून झाला तेव्हा सतरा वर्षांचे होते, आणि लंडनच्या प्रयोगात त्साफेन्डासची भूमिका त्यांनी स्वतः केली. ज्याने त्या गोऱ्या वस्तीत शाळकरी मुलगा म्हणून तो दिवस काढला, त्याला आपण इथे बसून राजकारण शिकवणार! आपल्याकडे असे विषय रंगभूमीवर येत नाहीत, आलेच तर दोन विनोदी नाटकांच्या मधली एखादी गैरसोयीची वेळ मिळते आणि तालमीला हॉलही मिळत नाही, याचे मात्र कोणाला काही वाटत नाही.

खडीसाखर

दोन्ही बाजूंना एक साधी गोष्ट दिसत नाही, की खून हा खून असतो. व्हेरवूर्ड कितीही दुष्ट धरला, तरी त्याला भोसकून काय साधले? त्याच्या जागी आलेल्या फोर्स्टर यांच्या काळात १९७६ साली सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या चालल्या. वंशभेदाची राजवट पुढे जवळजवळ तीन दशके टिकली. मारेकऱ्याला वेडा म्हणा की क्रांतिकारक, त्याच्याभोवती नाटक रचले की प्रेक्षकांची सहानुभूती त्याच्याकडे जातेच. मारेकऱ्याच्या बाजूने बोलणाऱ्या नाटकावरून आपल्याकडे काय रामायण झाले, ते सर्वांना ठाऊक आहे, आणि तो वाद मला इथे मुळीच आणायचा नाही.

दिवाभीत

न आणता आणण्याची कला उत्तम साधली आहे. परंतु गल्लत करू नका. सर्वधर्मप्रार्थनेला निघालेल्या निःशस्त्र वृद्धाचा खून आणि शार्पव्हिलमध्ये ६९ माणसे मारणाऱ्या राजवटीच्या प्रमुखाचा खून यांना एकाच तागडीत घालणार असाल, तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

सांजवात

मी निवृत्त मनोविकारतज्ज्ञ आहे, आणि धागा वाचताना माझा रक्तदाब वाढला तो वेगळ्याच कारणाने. प्रथम एक किरकोळ दुरुस्ती. जंत निराळे, हा पट्टकृमी. आता मुख्य मुद्दा. ‘वेडा की राजकीय’ हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि दिवाभीत व तिसरी घंटा हे दोघेही तो निमूटपणे मान्य करून भांडत आहेत.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया होता. त्याला आवाज ऐकू येत, हे खरे. तो वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत असे आणि धरणग्रस्तांविषयी त्याची मते आमच्या घरातील कोणाहीपेक्षा जास्त पक्की होती, हेही खरे. निदान झाल्यानंतर मात्र त्याच्या तोंडून निघालेले प्रत्येक वाक्य आजारात जमा होऊ लागले. एकदा तो जेवताना म्हणाला, की आमटी खारट झाली आहे. आईने माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, “गोळी घेतली ना त्याने?” मी आमटी चाखली. ती खारटच होती. पण मीही त्या वेळी काही बोलले नाही, आणि मी तेव्हा एम.डी. करीत होते.

त्यामुळे त्साफेन्डासला आजार होता असे मानले, तरी त्याची किळस खोटी ठरत नाही. आता न्यायालयाचा प्रामाणिकपणा पाहा. बायर्स यांनी त्याची तुलना कुत्र्याशी आणि निर्जीव अवजाराशी केली होती. जो इतका आजारी, त्याला रुग्णालयात पाठवायला नको का? त्याला पाठवले प्रिटोरियाच्या तुरुंगात, फाशीघराला लागून असलेल्या कोठडीत. शेजारी माणसे फासावर चढत आणि हा ते ऐकत असे. मनोरुग्णालयात तो पोहोचला १९९४ साली, म्हणजे २८ वर्षांनी, आणि १९९९ साली तिथेच वारला. ज्यांनी त्याला वेडा ठरवले, त्यांनी आपल्या निदानावर स्वतः कधी विश्वास ठेवला होता, असे मला वाटत नाही.

खडीसाखर

ताई, भावाबद्दल वाचून वाईट वाटले. पण याच तर्काने उद्या प्रत्येक खुनी मनोरुग्णाला विचारवंत ठरवावे लागेल. आपण डॉक्टर आहात, निदान आपण तरी आजाराला आजार म्हणा.

सांजवात

मी आजाराला आजार म्हणूनच आयुष्य काढले. मुद्दा असा आहे, की आजारी माणसाला मत असू शकते. हे वाक्य मी तीस वर्षे नातेवाइकांना, पोलिसांना आणि दोन वेळा न्यायाधीशांनाही समजावून सांगितले आहे, तेव्हा तुमच्यासाठी आणखी एकदा सांगायला हरकत नाही. आणि ‘विचारवंत’ हा शब्द माझा नाही. व्हेरवूर्डला मात्र तो लागू पडेल, कारण राजकारणात शिरण्यापूर्वी हे गृहस्थ स्टेलनबॉशला मानसशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांचा १९२४ सालचा डॉक्टरेटचा प्रबंध भावना बोथट होण्याच्या प्रक्रियेवर होता. शहाण्यांच्या यादीत कोणाला घालायचे, ते आता तुम्हीच ठरवा.

तिसरी घंटा

ताई, हे प्रबंधाचे मला माहीत नव्हते. पुढील वाचनाआधी निवेदनात घालणार.

दिवाभीत

सांजवात यांचे म्हणणे मी अर्धे मान्य करतो. अर्धेच, कारण ‘आजारही होता आणि मतही होते’ ही भूमिका आज आपल्याला उदार वाटते, परंतु मुळात आजार होता याचा पुरावा किती भक्कम आहे? २०१८ साली हॅरिस डूसेमेत्झिस या अभ्यासकांनी दक्षिण आफ्रिकेच्या न्यायमंत्र्यांना जो प्रचंड अहवाल सादर केला, त्यात त्साफेन्डास दीर्घकाळ कम्युनिस्ट होता आणि पोलिसांना दिलेल्या जबाबांत कृमीचा उल्लेखही नव्हता, असे दाखवले आहे. वेडाचे सोंग त्याने पूर्वीही अडचणीतून सुटण्यासाठी घेतले होते, असा त्यांचा दावा आहे. अमेरिकेसह अनेक देशांच्या मनोरुग्णालयांत तो राहून आला होता, हे मला मान्य करावे लागेल, कारण ते कोणी लपवलेले नाही. पण सहा वर्षे आधी, एप्रिल १९६० मध्ये, जोहान्सबर्गच्या प्रदर्शनात याच व्हेरवूर्डवर डेव्हिड प्रॅट या गोऱ्या शेतकऱ्याने अगदी जवळून गोळ्या झाडल्या होत्या. तोही वेडा ठरला आणि मनोरुग्णालयातच मेला. एका पंतप्रधानावर दोन हल्ले, दोन्ही हल्लेखोर वेडे! त्या देशात शहाण्या माणसाला पंतप्रधानांचा राग येण्याची सोयच नव्हती, असे दिसते.

तिसरी घंटा

२०१८ चा अहवाल २००३ च्या नाटककाराने वाचायला हवा होता, असे आपले म्हणणे असेल, तर मी हात टेकले.

दिवाभीत

तसे म्हणणे नाही. २००३ साली शेर यांच्यापुढे जे होते, त्यावर त्यांनी लिहिले, हे ठीक. पण आपण अभिवाचन या वर्षी केले आणि ‘राजकारण शोधू नका’ हेही या वर्षीच लिहिले.

दापोलीकर

मी सहसा फक्त वाचते, पण आज लिहिल्यावाचून राहवत नाही. माझ्या वडिलांच्या आत्या लग्न होऊन केप टाउनला गेल्या. आमच्या कोकणी मुसलमानांची पुष्कळ कुटुंबे रत्नागिरी-रायगडातल्या गावांतून तिकडे गेलेली आहेत, काही तर शंभर वर्षांहून जुनी. आत्या केप टाउनच्या डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीत राहत. फेब्रुवारी १९६६ मध्ये ती वस्ती फक्त गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली आणि पुढील वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसे तिथून उठवली गेली. आत्यांचे यजमान आणि दीर एका आईचे दोन मुलगे. सरकारी वर्गवारीत एकाच्या नावापुढे ‘इंडियन’ लागले, दुसऱ्याच्या नावापुढे ‘मलाय’, त्यामुळे एकाला भारतीयांसाठीच्या रायलंड्स वस्तीत जायचे होते आणि दुसऱ्याला भलतीकडेच. ईदला एकमेकांकडे जायचे तर दोन बसगाड्या बदलाव्या लागत.

सप्टेंबरमधल्या त्या दुपारची गोष्ट आत्या दापोलीला आल्या की सांगत. दुकानात त्या कापड मोजत होत्या. रेडिओवर बातमी आली. यजमानांनी शटर अर्धे खाली ओढले आणि सर्वांना बजावले, की बाहेर पडाल तेव्हा तोंड रडवेले ठेवा, कोणी हसू नका, मुलांनाही हसू देऊ नका. आनंद झाला होता का, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, की आनंदाला वेळच कुठे मिळाला, आधी सगळेजण एकच दुवा मागत होते, की मारणारा आपल्यातला नसू दे. काळा नसू दे, मलाय नसू दे, इंडियन तर नसूच दे. तो ग्रीक आहे आणि डोक्याने फिरलेला आहे, हे कळले तेव्हा आत्यांच्या सासूबाईंनी शुकराना नमाज अदा केला.

दिवाभीत, तुमचा राग मला समजतो. पण ‘वेडा’ या शब्दाने फक्त सरकारची सोय झाली, असे लिहू नका. त्या रात्री त्या शब्दामुळे आमच्या माणसांच्या दारावर कोणी लाथ मारली नाही. आत्या तरीही त्साफेन्डासला कधी वेडा म्हणाल्या नाहीत. “तो बिचारा टपालवाला” असे म्हणत. त्याचे संसदेतले निरोप्याचे काम त्यांनी असे समजून घेतले होते.

दिवाभीत

या प्रतिसादाला माझ्यापाशी तयार उत्तर नाही. ‘सरकारची सोय’ हे माझे शब्द मी मागे घेत नाही, पण ती सोय दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडली असेल, हे माझ्या डोक्यात आले नव्हते, एवढे लिहून ठेवतो. नाटकावरील आक्षेप कायम आहे. आत्यांच्या दुकानातली ती अर्धी ओढलेली शटर कोणी रंगमंचावर आणली, तर मी पहिल्या रांगेचे तिकीट काढीन, कृमीसह.

तिसरी घंटा

दिवाभीतांनी ‘कृमीसह’ म्हटले, हे मी माझ्या अभिनयाचे प्रशस्तिपत्र समजतो. माझे ‘राजकारण शोधू नका’ हे वाक्य घाईत लिहिले गेले होते. मूळ वृत्तान्तातून ते काढून टाकले आहे. दापोलीकर, पुढील अभिवाचनाला आपण याल का? पंखा चालू ठेवू.

खडीसाखर

म्हणजे शेवटी खुनाचा निषेध कोणीच केला नाही.

सांजवात

तुम्ही केला आहे की. दोनदा.