समुद्रविज्ञान शिकून धोरणात काम करता येतं का?

प्रश्न: मरीन बायोलॉजीत एमएस्सी करतेय, रत्नागिरीची आहे. लॅब आवडते पण आमच्याकडे मासे कमी होतायत ते बघून वाटतं नियम बनतात तिथे काम करावं, कुठून सुरुवात करू?

उत्तर १: नक्की येतं! २०२३ ला महाराष्ट्राने ५४ जातींसाठी पकडायची किमान लांबी ठरवली ना, त्यामागे सीएमएफआरआयच्या (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) शास्त्रज्ञांचीच शिफारस होती. मासा किती लांबीचा झाल्यावर पहिल्यांदा अंडी घालतो हे कोणीतरी बंदरावर मोजत बसलं म्हणून तो आकडा मिळाला.

उत्तर २: सोबत महाराष्ट्राचा १९८१ चा सागरी मासेमारी कायदा वाच, २०२१ ची दुरुस्तीपण. आणि बंदरावर जाऊन तांडेलांशी (बोटीच्या प्रमुखांशी) बोल, त्यांना पटलं नाही तर नियम कागदावरच राहतो गं.

प्रश्नकर्ती: आमच्या मिरकरवाडा बंदरापासूनच सुरू करते, थँक्यू!