मदत हवी: स्पीकरच्या बॉक्सला फेविकॉल की स्क्रू?

खडखड्या: १० इंची वूफरसाठी (बेसचा स्पीकर) बंद बॉक्स केलाय. सगळे जोड स्क्रूने आवळलेत. आवाज वाढवला की मागून फर्रर्र येतं. आणखी स्क्रू मारू की उघडून फेविकॉल लावू? ‘दोन्ही करा’ एवढंच लिहून जाऊ नका. शनिवारी घरी मंडळी येणार आहेत, जरा लवकर.

रंधा: फळी कसली? जाडी किती? स्क्रू किती अंतरावर आहेत? फोटो टाका.

बेसूर: फेविकॉल, विषय संपला. नीट दाबून चिकटवलेला जोड ओढून तोडलात तर शेजारचं लाकूड फाटतं, जोड नाही सुटत. स्क्रू असतो तेवढ्याच जागी धरतो. दोन स्क्रूंच्या मधे बारीकशी फट राहिली तरी वूफर तिथूनच हवा फेकतो.

टेम्पोतला_बेस: घरी बसून बोलायला काय जातंय! आमचे बॉक्स सीझनभर टेम्पोत चढतात, उतरतात. नुसता फेविकॉलवाला बॉक्स एकदा कोपऱ्यावर आपटला की कळतं. आम्ही प्लायला फेविकॉल, वर स्क्रू, आतून कोपऱ्यात रिपा, बाहेरून लोखंडी कोपरे.

बेसूर: त्यांना तो दिवाणखान्यात ठेवायचाय, विसर्जनाला न्यायचा नाहीये.

सुखी_माणूस: एवढा खटाटोप कशाला? एक साउंडबार आणा, भिंतीला टांगा, सुटलात.

खडखड्या: साउंडबारबद्दल विचारलेलं नाही.

कान_किट्ट: टेम्पोतले साहेब, तुमच्या डॉल्बीने आमच्या खिडक्यांच्या काचा वाजतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. वाचलेत कधी?

टेम्पोतला_बेस: त्यासाठी वेगळा धागा काढा, येतो तिथे.

रंधा: फळी कसली ते अजून कळलं नाही.

खडखड्या: १८ मिमी. जुन्या कपाटाच्या फळ्या आहेत, दोन्हीकडून पांढऱ्या गुळगुळीत. आत भुशासारखं दिसतं. त्याने काय फरक पडतो?

रंधा: सगळाच फरक पडतो, राव. ही प्री-लॅम पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, वर गुळगुळीत थर चिकटवलेला. त्या गुळगुळीत पांढऱ्या थराला साधा पांढरा फेविकॉल धरत नाही, कारण तो लाकडात मुरावा लागतो. आणि बोर्डाच्या कडेत स्क्रू पुन्हा पुन्हा फिरवला तर भोकाचा भुसा होऊन तो नुसताच गरगर फिरतो. तेव्हा आणखी स्क्रू अजिबात नको.

पुढेमागे उघडलात तर जिथे जोड बसतो तेवढी १८ मिमीची पट्टी पटाशीने किंवा ६० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून आतला बोर्ड उघडा करा. कापलेली कड फेविकॉल पिऊन टाकते, म्हणून आधी पातळ हात, थोडं मुरू द्या, मग दुसरा हात. मग स्क्रू आवळा. तिथे स्क्रूचं काम शिकंज्याचं, बाकी जोर फेविकॉलचा. आधी बारीक भोक पाडा, नाहीतर कड फुगून फाटते. दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका.

बेसूर: म्हणजे फेविकॉलच. मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

टेम्पोतला_बेस: आणि स्क्रूसुद्धा. डोळे उघडून वाचा.

खडखड्या: शनिवार, लोकहो. शनिवार!!

रंधा: मग आता उघडू नका. आधी हवा कुठून जाते ते शोधा. खोल, संथ बेसचं काहीतरी चालू ठेवा आणि पेटती उदबत्ती जोडांजवळून सावकाश फिरवा, पंखा बंद करून. फट असेल तिथे धूर थरथरेल. मग वूफर काढून तेवढ्या जागी आतून फटी बुजवायचं सिलिकॉन भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्या वाफेने धातू गंजतो. दुकानात न्यूट्रल मागा. रात्रभर सुकू द्या, मगच वूफर बसवा.

सुखी_माणूस: उदबत्ती कुठली? मोगऱ्याचा धूर फार होतो.

खडखड्या: फिरवली. तीन बाजूंचे जोड ठीक आहेत. खालच्या कोपऱ्यात धूर किंचित हलतो. पण मागे वायर जोडायची प्लॅस्टिकची प्लेट आहे तिथे तर सरळ उडतोच!

रंधा: त्या प्लेटखाली काय लावलंय?

खडखड्या: काहीच नाही. चार स्क्रू.

रंधा: तोच फर्रर्र. प्लेट काढा, मागच्या कडेला फोमची चिकटपट्टी सलग फिरवा, परत बसवा. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, एकच पिळलात तर प्लॅस्टिक वाकेल. खालच्या कोपऱ्यात सिलिकॉन. शनिवारी वाजेल.

बेसूर: तरी नंतर फेविकॉल लावाच.

टेम्पोतला_बेस: ते सोडा, अँप किती वॅटचा आहे?