विषय: देवगिरी, वेरूळ, अजिंठा एका दिवसात?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात तीन आठवडे घरी चाललोय. संभाजीनगरहून गाडी काढून देवगिरी, वेरूळ, अजिंठा एका दिवसात उरकावं म्हणतो. सोबत सासूबाई आणि दोन पोरं. कन्नडचा घाट कसा आहे सध्या?

---

उत्तर:
उरकायला ते काय बारसं आहे? वेरूळ शहरापासून तीसेक किलोमीटर. अजिंठा शंभरेक, तोही सिल्लोडच्या रस्त्याला. दोन दिवस ठेवाच. सोमवारी अजिंठा बंद, मंगळवारी वेरूळ. मागच्या वर्षी आम्ही नेमके मंगळवारी फाटकाशी जाऊन उभे. मेव्हणा अजून ऐकवतो.

देवगिरीला सासूबाईंना चांदमिनारापाशी पेरू देऊन बसवा. पोरांना मेंढा तोफ दाखवा, तिच्या मागच्या टोकाला खरंच मेंढ्याचं डोकं आहे. किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, टॉर्च असला तरी हात आपोआप भिंतीकडे जातो, आणि वटवाघळांचा वास शर्टाला घरापर्यंत येतो.

वेरूळची 34 लेणी मोजत बसू नका. कैलास लेण्याच्या बाजूने डोंगरावर चढा आणि वरून खाली बघा. आधी कळस, मग पाया, हे तिथं उभं राहिल्यावरच पटतं.

अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावून पुढे बसनेच जायचं. लेण्यांपाशी डोलीवाले असतात, सासूबाईंची सोय होईल.

माझं ऐकाल तर तिसरा दिवस पितळखोऱ्याच्या लेण्यांना द्या. कन्नडच्या पुढे, गौताळ्याच्या रानात. पायऱ्या थेट दरीत उतरतात आणि खाली दगडी हत्तींची रांग सामोरी येते. इसवीसनाच्याही आधीचं काम. इथं सापडलेला यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या तळहातावर कोरलंय, कण्हदास सोनाराने घडवला. दगड फोडणारा नव्हे, सोनार! आम्ही उशिरा पोचलो तर राखणदार म्हणाला, “दादा, पाच वाजले. उतरताल, पण चढायचं कवा?”

घाट उतरायची तुम्हाला गरजच नाही, तो चाळीसगावला जातो. 2021 च्या पावसाळ्यात दरड कोसळून बंद पडला होता. माथ्यावरूनच खाली पसरलेला खानदेश बघा आणि उजेडात परत फिरा.

– कन्नडचा जावई

---

उत्तर:
आभारी आहे. तीन दिवस पक्के. मेल मोठ्याने वाचली, ती चूक झाली. सासूबाईंचं माहेर कन्नडचं. पेरू खात बसणार नाही, पितळखोऱ्याला आपण सगळ्यांच्या पुढे उतरणार म्हणतात. आणि तुम्ही कुणाचे जावई, ते विचारलंय.